‘तुंबाड’ : गुप्तधनाची कथा आणि जमिनीचे मौन

राही अनिल बर्वे दिग्दर्शित ‘तुंबाड’ हा हिंदी चित्रपट १२ ऑक्टोबर २०१८ रोजी प्रदर्शित झाला. त्याच वर्षी व्हेनिस येथील ७५व्या चित्रपट महोत्सवात समीक्षक सप्ताहाचा प्रारंभ या चित्रपटाने झाला होता. देशातील प्रेक्षकांचा पहिला प्रतिसाद मात्र बेताचाच राहिला. सप्टेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा चित्रपटगृहांत आला आणि पहिल्या वेळेपेक्षा अधिक गल्ला जमवून गेला. मधल्या सहा वर्षांत त्याच्यावर पुष्कळ लिहिले-बोलले गेले. पंकज कुमार यांचे छायाचित्रण, अनेक पावसाळे थांबून टिपलेला तो करडा, न ओसरणारा पाऊस, सासवडचा जुना वाडा, ध्वनियोजना यांची वाखाणणी झाली आणि ती रास्तच आहे. आशयाविषयी बोलायची वेळ आली की बहुतेक समीक्षक एका शब्दावर येऊन थांबतात : लोभ. चित्रपटाचा आरंभच गांधीजींच्या नावे सांगितल्या जाणाऱ्या लोभविषयक वचनाने होतो, तेव्हा त्यात समीक्षकांचा फारसा दोषही नाही.

तथापि, चित्रपटाने पडद्यावर तीन सने ठळकपणे लिहिली आहेत : १९१८, १९३३ आणि १९४७. लोभाला सनाची गरज नसते. तो कोणत्याही काळात दाखवता येतो. ज्या अर्थी दिग्दर्शकाने कोकणातील एका खऱ्या गावाचे नाव घेतले आणि त्या नावापुढे सने घातली, त्या अर्थी त्या सनांमध्ये त्या भूमीवर काय घडत होते हे विचारण्याचा हक्क प्रेक्षकाला पोहोचतो. हा प्रश्न आदिलाबादच्या वाचकाला परका वाटणार नाही. जमिनीच्या पोटात कोंडलेल्या देवांची एक फार जुनी कथा याच जिल्ह्याच्या डोंगरात आजही गायिली जाते, आणि आपल्या मातीतील माणसाचे नाव घेऊन जमीन मात्र मागे ठेवणारा चित्रपटही या जिल्ह्याने पाहिला आहे. त्या दोहोंचा विचार पुढे येईल.

कथानक थोडक्यात असे. आरंभी एक पुराणकथा सांगितली जाते. समृद्धीच्या देवीचा पहिला आणि लाडका पुत्र हस्तर याने आईचे सारे सोने बळकावले आणि तो धान्याकडे वळला, तेव्हा इतर देवांनी त्याच्यावर हल्ला केला. देवीने त्याला वाचवले, परंतु त्याची पूजा कधीही होणार नाही, त्याचे नाव कोणी घेणार नाही, या अटीवर. तो तिच्या गर्भात निद्रिस्त राहिला. तुंबाडच्या एका घराण्याने त्याचे मंदिर उभारले आणि देवांचा कोप अखंड पावसाच्या रूपाने गावावर कोसळला. १९१८च्या भागात वाड्याच्या वृद्ध ‘सरकार’ची सेवा करणारी एक विधवा, तिची दोन मुले विनायक आणि सदाशिव, आणि साखळदंडाने बांधून ठेवलेली, न मरणारी एक म्हातारी दिसते. ही मुले त्या सरकारचीच, पण अनौरस. सरकार मरतो, सदाशिव अपघातात जातो, आई विनायकाला घेऊन पुण्याला निघते आणि पुन्हा तुंबाडला पाऊल न ठेवण्याचे वचन त्याच्याकडून घेते. १९३३ मध्ये तो ते वचन मोडून परत येतो, म्हातारीकडून खजिन्याचे रहस्य मिळवतो आणि गर्भात उतरून हस्तरच्या कमरेच्या वस्त्रातून सोन्याची नाणी पळवू लागतो. १९४७ मध्ये तो आपल्या पायाने अधू असलेल्या मुलाला, पांडुरंगाला, या कामाची तालीम देत असतो. त्याच सुमारास वाडा सरकारजमा होण्याची वेळ येते आणि अखेरची, सगळेच लुटण्याची उडी घेतली जाते.

दिग्दर्शकाने स्वतःच सांगितल्याप्रमाणे या कथेचे बीज तरुणपणी ऐकलेल्या नारायण धारप यांच्या एका कथेत आहे. धारपांनी (१९२५–२००८) मराठी भयकथेला वाडा, माजघर, अंधारी खोली आणि तीत जपलेले म्हातारे माणूस हे साहित्य दिले. ‘तुंबाड’ने ते जसेच्या तसे उचलले आहे आणि साखळदंडातील म्हातारी हे त्याचे सर्वांत अस्सल मराठी पात्र आहे. हस्तर हे नाव मात्र कोकणातील नव्हे. अमेरिकन लेखक अँब्रोज बियर्स यांच्या एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या कथेत ‘हास्तुर’ नावाचा मेंढपाळांचा देव येतो आणि पुढील पाश्चात्त्य भयकथाकारांनी त्याला भीषण रूप दिले. दोन नावांतील साम्य योगायोगाचे वाटत नाही. भयाला जात-गोत नसते, त्यामुळे हे उसनवारीचे नाव खटकत नाही. खटकते ते दुसरेच.

चित्रपटाची खरी ताकद त्याच्या मधल्या भागात आहे. रहस्यकथेचा नेहमीचा नियम असा की रहस्य उलगडले की कथा संपते. येथे रहस्य १९३३च्या भागातच उलगडते आणि तेथून कथेला गती येते. विनायक पुण्याहून प्रवास करून वाड्यात येतो, दोर सोडतो, विहिरीसारख्या भोकातून गर्भात उतरतो, जमिनीवर पिठाचे रिंगण आखतो, कणकेची बाहुली पुढे करतो, भुकेला हस्तर तिच्यावर झेपावला की क्षणार्धात त्याच्या वस्त्राला हिसका देतो, सांडलेली चार नाणी उचलतो आणि जीव घेऊन वर चढतो. पुन्हा पुणे, पुन्हा राघव सावकाराकडे नाणी मोडणे, पुन्हा तुंबाड. अलौकिकाची नोकरी होऊन जाते. फेरी करणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर जो रोजच्या कामाचा निबरपणा येतो तो सोहम शाह यांनी या प्रसंगांत नेमका पकडला आहे. भय ओसरते आणि कौशल्य उरते, ही गोष्ट भयापेक्षा अधिक भयंकर आहे. श्रमावाचून धन हवे म्हणून ज्याने वारसा शोधला, त्याने खाणकामगारापेक्षा अवघड श्रम पत्करले आणि ते मुलाच्याही माथी मारले. पांडुरंग अधू पायाने दोरावर चढण्याचा सराव करतो तो प्रसंग या दृष्टीने संपूर्ण चित्रपटाचे मर्म आहे.

उर्दू दास्तानीच्या वाचकाला येथे तिलिस्माची आठवण येणे अपरिहार्य आहे. लखनौच्या नवल किशोर छापखान्यातून १८८३ पासून ‘तिलिस्म-ए-होशरुबा’चे प्रचंड खंड निघू लागले, आणि त्यांनी तिलिस्माचे जे शास्त्र लोकांच्या मनात रुजवले त्यात तीन गोष्टी ठरलेल्या असतात. तिलिस्म कोणी तरी बांधलेला असतो. तो तोडणारा नेमलेला असतो. आणि तोडण्याची रीत ‘लौह’ नावाच्या पाटीवर लिहिलेली असते. ‘तुंबाड’मध्ये गर्भ हा तिलिस्म आहे, विनायक रक्ताच्या नात्याने तेथे पोहोचतो आणि म्हातारी ही त्याची लौह आहे. साम्य इथपर्यंतच. दास्तानीचा नायक तिलिस्म तोडतो, कोंडलेल्यांना सोडवतो आणि पुढच्या मुलुखाला जातो. विनायकाला तिलिस्म तोडायचा नाही. तो तुटला तर त्याचे उत्पन्न बुडेल. त्याला तो शाबूत ठेवायचा आहे, गुप्त ठेवायचा आहे आणि पुढच्या पिढीच्या नावे करायचा आहे. म्हणजे विनायक हा दास्तानीचा नायक नसून वतनदार आहे.

‘वतन’ या शब्दापाशी थोडे थांबले पाहिजे. अरबीतून फारसी-उर्दूत आलेल्या या शब्दाचा उर्दूतील अर्थ मायभूमी. मराठीत तोच शब्द आला आणि त्याला वंशपरंपरागत हक्काचे पद, त्या पदाची जमीन आणि उत्पन्न असा अर्थ चिकटला. उर्दू बोलणारा वतनासाठी जीव देतो, मराठी माणूस वतनासाठी भाऊबंदकी करतो, असे कोणी थट्टेने म्हटले तर त्यात तथ्य नाही असे नाही. ‘वारस’, ‘मिरास’, ‘हक्क’, ‘मालक’, ‘इनाम’, ‘दौलत’ हे मराठी मालमत्तेच्या व्यवहाराचे कितीतरी शब्द याच वाटेने आले आहेत. ‘तुंबाड’च्या तिसऱ्या भागात या दोन अर्थांची टक्कर होते. १९४७ मध्ये उर्दू अर्थाने वतन स्वतंत्र होते आणि मराठी अर्थाने वतन जाण्याची वेळ येते. चित्रपटात वाड्याच्या धन्याला ‘सरकार’ म्हणतात. त्या ‘सरकार’चा वाडा आता ‘सरकार’ घेणार असते. दिग्दर्शकाने हा श्लेष मुद्दाम योजला असो वा नसो, भाषेने तो आपणहून मांडला आहे. याच ओघात आणखी एक शब्द सांगण्यासारखा आहे. पुरलेल्या धनाला उर्दूत ‘दफीना’ म्हणतात. तो आणि ‘दफन’ एकाच धातूपासून आले. भाषेला धन पुरणे आणि प्रेत पुरणे यांत फार अंतर वाटलेले नाही. तुंबाडच्या गर्भात पुरलेला मात्र प्रेत नाही. तो जिवंत आहे आणि उपाशी आहे.

उपाशी का, या प्रश्नाचे चित्रपटाने दिलेले उत्तर पुराणकथेचे आहे : त्याने सोने घेतले, धान्य त्याच्या हाती लागले नाही. सोने असूनही उपाशी राहणारा देव ही कल्पना अत्यंत प्रभावी आहे. पण धान्याचा हा धागा चित्रपट जेवढा पुराणकथेत ओढतो तेवढा गावात ओढत नाही. तुंबाडमध्ये अहोरात्र पाऊस पडतो. कोकणात पाऊस म्हणजे भात. तरीही या कथेत कोठे पेरणी नाही, लावणी नाही, कापणी नाही. कुळे नाहीत. वाडा आहे, वाड्याचा धनी आहे, त्याची रखेल आहे, पण वाड्यात धान्य कोणाच्या पाठीवरून आले हे सांगणारे एकही पात्र नाही. खोत या शब्दाला कथेत जागा नाही. हा केवळ तपशिलाचा प्रश्न असता तर त्याचा एवढा विचार करण्याचे कारण नव्हते. परंतु ‘तुंबाड’ हे नाव मराठी वाचकाला ज्यामुळे माहीत आहे ती श्री. ना. पेंडसे यांची ‘तुंबाडचे खोत’ ही दोन खंडांची कादंबरी (१९८७). खेड तालुक्यातील जगबुडी नदीकाठच्या खोत घराण्याच्या चार पिढ्यांची ती कहाणी आहे. चित्रपटाचा त्या कादंबरीच्या कथेशी संबंध नाही. नाव तेवढे घेतले. ‘तुंबाडचे खोत’मधील ‘तुंबाड’ राहिले आणि ‘खोत’ गळले, असे म्हटले तर ते शब्दशः खरे ठरेल.

खोत म्हणजे गावाचा सारा गोळा करून सरकारात भरण्याचा वंशपरंपरेने हक्क असलेला मनुष्य. १८८०च्या खोती कायद्याने इंग्रजी राजवटीने या हक्काला नियमांची चौकट दिली. खोत ब्राह्मण होते, मराठा होते, कोकणी मुसलमानही होते. म्हणून हा प्रश्न एका जातीचा वा धर्माचा मानण्यात अर्थ नाही. कुळाने पिकाचा अर्धा किंवा तिसरा हिस्सा, अर्धेल वा तिर्धेल, खोताच्या घरी नेऊन घालायचा आणि वर वेठ करायची, हा व्यवहार होता. वाड्यातील सोन्याचा खरा ‘गर्भ’ तो होता.

आता १९३३ हे साल पाहावे. चित्रपटात या वर्षी विनायक पुन्हा तुंबाडला येतो, तेव्हा भोवतालची जमीन ओसाड आहे आणि तिच्यावर पाऊस कोसळतो आहे. प्रत्यक्ष इतिहासात याच साली, याच कोकणपट्टीत, अलिबाग तालुक्यातील चरी येथे शेतकऱ्यांनी संप पुकारला. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली सभा झाली आणि आसपासच्या २५ गावांतील कुळांनी खोत-सावकारांची जमीन न कसण्याचा निर्णय घेतला. हा संप १९३९ पर्यंत चालला. दरवर्षी पावसाळा आला आणि गेला, खाचरात पाणी साठले, पण त्यांत रोप लावले गेले नाही. लोकांनी उपासमार सोसली, जंगलातील लाकूडफाटा विकून दिवस काढले, पण नांगर धरला नाही. पाऊस आहे आणि पीक नाही, हे ‘तुंबाड’मधील चित्र म्हणजे शापाचे चित्र आहे, चरीमधील तेच चित्र निर्धाराचे आहे. एकाच सालातील, एकाच किनारपट्टीवरील ही दोन ओसाड शिवारे शेजारी ठेवली की चित्रपटाने अलौकिकाची योजना कशासाठी केली हे स्पष्ट होऊ लागते. शिवार ओसाड होण्याचे कारण माणसांकडून काढून देवांकडे दिले की वाड्यात कोणाला उत्तर द्यावे लागत नाही.

पुढचा इतिहास सर्वश्रुत आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातील हजारो शेतकरी मुंबईत विधिमंडळावर मोर्चा घेऊन गेले. खोती प्रत्यक्षात नष्ट झाली ती १९४९च्या कायद्याने. म्हणजे १९४७ मध्ये वाडा जाण्याची जी घाई चित्रपटातील बाप-लेकांना झाली आहे, तिच्यामागे दिल्लीतील सत्तांतराएवढीच या मोर्च्यांची दीड दशकांची पायपीट होती. चित्रपटात ती पायपीट नाही. सत्तांतर मात्र आहे, तेही मुदत संपण्याच्या तारखेपुरते.

यावर असा आक्षेप येऊ शकतो की भयपटाकडून महसुलाच्या इतिहासाची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. काल्पनिक देवाच्या गोष्टीत अर्धेल आणि तिर्धेल शोधणारा समीक्षक रसिक नव्हे, कारकून होय. हा आक्षेप वजनदार आहे आणि तो अंशतः मान्य करावा लागतो. ‘तुंबाड’ स्वतःला सत्यकथा म्हणवत नाही, कोणत्याही ऐतिहासिक पुरुषाला वेठीला धरत नाही, कोणत्याही समाजाला खलनायक करत नाही. अलीकडील काही इतिहासपटांच्या तुलनेत ही सचोटी लहान नाही. परंतु आक्षेपाचा उरलेला भाग टिकत नाही. कारण चित्रपटाचा विषयच मुळात धन कोठून येते हा आहे. त्याने रहस्य म्हणून जो प्रश्न मांडला त्याचे खरे उत्तर त्याच गावात, त्याच सालात उपलब्ध होते आणि त्याने दुसरे उत्तर दिले. ते दुसरे उत्तर देखणे आहे, म्हणूनच त्याची चिकित्सा करावी लागते.

आदिलाबादच्या वाचकाला या ठिकाणी ‘आरआरआर’ आठवेल. २०२२ मध्ये प्रदर्शित झालेल्या एस. एस. राजामौली यांच्या त्या चित्रपटात कोमराम भीम हे नाव आहे, गोंड आहेत, अन्याय आहे. चित्रपटातील भीम १९२०च्या दशकातील दिल्लीत इंग्रजांशी लढतो आणि वेष पालटून ‘अख्तर’ या नावाने राहतो. प्रत्यक्षातील भीम आसिफाबादच्या डोंगरात जंगल आणि जमिनीच्या हक्कासाठी निजाम सरकारच्या वन व महसूल अधिकाऱ्यांशी लढला आणि १९४० मध्ये जोडेघाट येथे मारला गेला. चित्रपटाने स्वतः काल्पनिक असल्याचे जाहीर केले होते हे खरे. अख्तर या नावावरून आणि भीमाच्या डोक्यावरील टोपीवरून या भागात बराच गदारोळ झाला. जंगलावरून आणि पट्ट्यावरून तो झाला नाही, ही बाब अधिक बोलकी आहे. टोपी दिसते, जमीन गायब झालेली दिसत नाही. ‘तुंबाड’ आणि ‘आरआरआर’ यांत जमीन-अस्मानाचा फरक असला तरी दोघांनी एकच गोष्ट केली : मातीतून नाव उचलले आणि माती झटकून टाकली.

येथे सनाचाही एक मुद्दा आहे. ‘तुंबाड’चा तिसरा भाग १९४७ हे साल स्वातंत्र्याचे म्हणून गृहीत धरतो. आदिलाबाद जिल्हा तेव्हा हैदराबाद संस्थानात होता आणि येथील रहिवाशांचे ते साल सप्टेंबर १९४८ मध्ये आले. किनवट आणि राजुरा हे तालुके १९५६ पर्यंत याच जिल्ह्यात होते. भाषावार पुनर्रचनेत ते तत्कालीन मुंबई राज्याकडे गेले. एकाच कुटुंबाचा एक पाय इकडे आणि एक तिकडे, ही स्थिती सीमेवरील कित्येक मराठी आणि उर्दू घरांना ठाऊक आहे. अशा प्रेक्षकाला पडद्यावर उमटणारा एखादा सन साऱ्या देशाचा म्हणून सहजासहजी पटत नाही.

याच डोंगरात ती दुसरी कथा आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात क्रिस्टॉफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाने येथील गोंडांमध्ये राहून केलेला अभ्यास १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात प्रधान गायकांच्या तोंडून ऐकलेली गोंड देवांची कथा नोंदलेली आहे. हे प्रधान घरात मराठी बोलतात आणि किकरीच्या साथीवर गोंडीत आख्यान लावतात. मराठीच्या अभ्यासकांनी या गोष्टीची अद्याप पुरेशी दखल घेतलेली नाही. कथा अशी की शंभू महादेवाने गोंडांच्या देवांना एका गुहेत कोंडून ठेवले. पहांडी कुपार लिंगो या संस्कृतिपुरुषाने जंगुबाईच्या साहाय्याने त्यांना बाहेर काढले. त्यानंतर लिंगोने त्यांची चार, पाच, सहा आणि सात देवांच्या सगांत विभागणी केली, कोणी कोणाशी सोयरीक करावी हे ठरवले आणि पूजेचे विधी शिकवले. महाराष्ट्र-तेलंगणाच्या सीमेवर, केरामेरीच्या डोंगरात, जंगुबाईचे स्थान गुहेतच आहे आणि पौष महिन्यात दोन्हीकडचे गोंड तेथे जमतात.

दोन्ही कथांत एकच प्रतिमा आहे. मातेच्या आधाराने असलेली देवाची लेकरे पृथ्वीच्या पोटात कोंडली गेली आहेत आणि कोणी तरी माणूस त्या अंधारात जातो. यापुढे मात्र वाटा फुटतात. लिंगो कोंडलेल्यांना बाहेर आणतो आणि त्यातून समाज निर्माण होतो : गोत्रे, सोयरीक, देणी-घेणी, सामाईक देव. विनायक कोंडलेल्याला कोंडलेलाच ठेवतो आणि त्यातून खासगी उत्पन्न निर्माण करतो. गोंडांच्या देवाचे आपल्या गोत्रावर ऋण असते आणि ते सर्वांनी मिळून फेडायचे असते. केसलापूरच्या नागोबासाठी मेसराम गोत्राचे लोक दरवर्षी गोदावरीचे पाणी पायी चालत आणतात. त्या पाण्याला मोल नाही, पण त्या चालण्यात ज्याचा-त्याचा वाटा आहे. हस्तरला कोणी काही देणे लागत नाही. त्याला दाखवली जाते ती कणकेची बाहुली, तीही गळाला लावलेल्या आमिषासारखी. देव भुकेला आहे हे ज्या कथेत पहिल्या पाच मिनिटांत कळते, त्या कथेत त्याला पोटभर जेवू घालावे असे एकालाही सुचत नाही. चित्रपटाच्या बाजूने म्हणायचे तर हे न सुचणे हेच त्याने सर्वांत निर्दयपणे दाखवले आहे. लोभावरील कोणत्याही वचनापेक्षा ते अधिक खोल जाते आणि आरंभीच्या त्या वचनाची चित्रपटाला गरज नव्हती.

स्त्रियांच्या बाबतीत चित्रपट डोळस आहे, पण मुखर नाही. केशवपन केलेली आई, साखळीतील म्हातारी, विनायकाची पत्नी वैदेही आणि विकत घ्यावी तशी घरात आणलेली तरुण विधवा या चौघी वाड्याच्या अर्थव्यवस्थेचा खरा भार वाहतात. सर्व पुरुष एका स्त्रीच्या, म्हणजे देवीच्या, गर्भात शिरून चोरी करतात. ही कल्पना मांडणाऱ्याला आपण काय मांडले आहे याची पूर्ण जाणीव होती हे गर्भाच्या लाल, ओलसर, आकसणाऱ्या भिंती पाहून पटते. तरीही देवी बोलत नाही आणि वैदेहीला जे दिसते ते तिच्या चेहऱ्यावरच राहते. अनिता दाते यांनी मोजक्या प्रसंगांत तो चेहरा कायम लक्षात राहील असा केला आहे. ज्योती माळशे यांनी साकारलेली आई मात्र वेगळी आहे. वर्षानुवर्षांच्या सेवेचा मोबदला म्हणून तिला एक नाणे हवे आहे, एकच, आणि ते मिळाल्यावर ती निघून जाते. साऱ्या कथेत मजुरी मागणारी ती एकटी. तिचे नाणे आणि विनायकाची नाणी एकाच खजिन्यातील असली तरी त्यांची जात निराळी आहे, आणि चित्रपटाने हा भेद नीट ओळखला असता तर कुळांची वाट त्याला तेथेच सापडली असती.

शेवटच्या उडीत बापलेक एकाऐवजी अनेक बाहुल्या घेऊन उतरतात आणि जितक्या बाहुल्या तितके हस्तर भिंतींतून बाहेर येतात. हा हिशेब पांडुरंगाच्या डोक्यातून निघालेला असतो. तो बापापेक्षा हुशार शिष्य आहे. मुलाला वाचवण्यासाठी विनायक त्या बाहुल्या स्वतःच्या अंगाला बांधून वर चढतो आणि हस्तरांच्या स्पर्शाने न मरणारे, सडत राहणारे शरीर त्याच्या वाट्याला येते. वर आल्यावर तो नाण्यांनी भरलेले वस्त्र मुलापुढे धरतो. पांडुरंगाची भूमिका करणाऱ्या मोहम्मद समद या मुलानेच म्हातारीचेही काम केले आहे, हे कळल्यावर या प्रसंगाकडे पुन्हा पाहावेसे वाटते : वारसा देणारे आणि घेणारे शरीर अखेर एकच होते. पांडुरंग ते वस्त्र घेत नाही. तो बापाला अग्नी देतो आणि वाड्याबाहेर पडतो. बाहेर पाऊस पडतच असतो, आणि त्या पावसात उभी असलेली जमीन कोणाच्या नावे होणार हे चित्रपटाने विचारलेले नसते. खेड तालुक्यात ते पुढे तलाठ्याच्या दप्तरात, सातबाऱ्यावर, कुळाच्या नावासमोर लिहिले जायचे होते.